सहाव्या दिवसाचा मुक्काम

दिग्रसला जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत तंबूचा सिनेमा आला, की निम्म्या गावाला एकदम पोस्टात काम निघायचं. कारण सोपं होतं. पोस्टाच्या ओट्यावरून तंबूचं दार दिसत असे आणि खेळ कोणता, गर्दी किती, हे सगळं फुकटात कळत असे. माणूस एक कार्ड घ्यायला यायचा आणि तासभर खांबाला टेकून उभा राहायचा. तारमास्तर देवसिंग खिडकीतून हे बघायचा आणि कोणाला काही बोलायचा नाही. न बोलण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता.

एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत जो खेळ आला, त्याची जाहिरात बैलगाडीवर भोंगा बांधून फिरली. महायुद्धाची कथा, शत्रूची गुप्त लिपी, ती फोडणारा एक बहाद्दर हिंदी जवान, शिवाय सात गाणी. ते ऐकलं त्या दिवशी देवसिंगने एका व्यापाऱ्याची तार दोनदा चुकवली. तेरा वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

देवसिंगचा बंजारा तांडा दिग्रसपासून तीन मैलांवर. त्याच्या आज्याच्या काळात तांड्यातले लोक बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. त्या वाहतुकीला ते लदेणी म्हणत. आता सगळे शेतीला लागले होते, पण मनातून हिंडणं काही गेलं नव्हतं. तांड्याचा नायक, म्हणजे पुढारी, नेमसिंग तीन गाड्या भरून माणसं सिनेमाला घेऊन आला आणि वाटेत पोस्टासमोर थांबला.

"तारमास्तर, चाल आमच्यासंग. इंग्रजीत काई बोलले तं आमाले सांगशीन."

"मले काम हाय, नायक."

"दिवे लागले गा! आता कोन तार करते? चाल."

नायकाला नाही म्हणायची रीत नाही. देवसिंगने सदरा बदलला आणि गेला. पुढचं सगळं त्या एका नकार न देण्यातून झालं असं तो स्वतःला सांगतो, पण ते काही खरं नाही. ते फार आधी होऊन गेलेलं होतं.

तंबूत मधोमध दोर बांधलेला, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. दोराला लागूनच रुपीबाई बसली होती आणि तिच्याजवळ तिची सासू धनीबाई. धनीबाईला डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं. "दिसत नाई तं नाई, आयकीन," असं म्हणून म्हातारी हट्टाने गाडीत चढली होती.

रुपीबाई रामधनची बायको. रामधन देवसिंगपेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोघं एका बैलाच्या पाठीवर बसून, देवसिंगच्या आज्याच्या लदेणीच्या गोष्टी ऐकून वाढले, म्हणून देवसिंग तिला भोजाई, म्हणजे वहिनी, म्हणायचा. चाळीस साली रामधन फौजेच्या खेचर कंपनीत भरती झाला आणि ब्रह्मदेशाकडे गेला. बेचाळीसच्या शेवटी सरकारी कागद आला: बेपत्ता. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. तेव्हापासून रुपीबाई केसांतून गालांवर लोंबणारी चांदीची टोपली घालून होती. नवरा जिवंत असलेल्या बाईनेच ती घालायची. अठरा वर्षांत केस पिकले, चांदी झिजली, पण तिने ती उतरवली नाही.

या वर्षी मात्र नेमसिंगने आणि पंचांनी तिला समजावलं होतं. किती दिवस असं अधांतरी राहायचं? होळीच्या आधी टोपली उतरव, रामधनचे दिवस घालू, त्यालाही सुटका आणि तुलाही. रुपीबाई शेवटी हो म्हणाली होती. दिवस ठरला होता, सिनेमानंतरचा आठवा.

खेळ सुरू झाला. पडद्यावरचा नायक फारच देखणा होता. युद्ध चालू असूनही त्याच्या केसांचा कोंबडा मोडत नव्हता. त्याच्यासमोर आकड्यांचा कागद आला, त्याने कपाळाला हात लावला, नायिकेने एक गाणं म्हटलं आणि गाणं संपेपर्यंत लिपी फुटली. देवसिंग इतका वेळ मूग गिळून बसला होता. मग पडद्यावर तारयंत्राची टकटक सुरू झाली. त्या टकटकीला काही अर्थच नव्हता. ना अक्षर, ना आकडा, नुसता सुतारपक्षी. तीन तासांत पहिल्यांदाच त्याला हसू फुटलं.

"ही काय टकटक हाय? निरं खोटं," तो म्हणाला. "आमच्या तिथं अशी तार आली असती तं साहेबानं हाकलून देल्लं असतं."

नेमसिंग वळला. "तुमच्या तिथं म्हंजे? तू तं फौजेत कारकून होता ना?"

जीभ घसरली ती घसरलीच. पंधरा वर्षं ज्या तोंडाला कुलूप होतं, ते एका कारागिराच्या घमेंडीने उघडलं. देवसिंगने सावरायला पाहिलं, पण नेमसिंग काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "तू पन हेच काम करत होता? दुश्मनाच्या तारा वाचाचं?" तो जवळजवळ ओरडलाच. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळली. दोरापलीकडे रुपीबाईनेही मान वळवली आणि मग तिने पुढचा सिनेमा पडद्याकडे कमी आणि देवसिंगकडे जास्त पाहिला.

पडद्यावर शेवट आला. शत्रूचा तळ कुठे आहे ते लिपीवरून कळलं. विमानं निघाली. पण त्या तळावर आपले कैदी आहेत हेही नायकाने ओळखलं होतं, म्हणून विमानांच्या आधी तो स्वतः गेला, एकेकाची बेडी तोडली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मग बॉम्ब पडले. तंबूत शिट्ट्या, टाळ्या. धनीबाईला शेजारच्या बाईने सगळं सांगितलं तेव्हा म्हातारीने पडद्याच्या दिशेने दोन्ही हातांनी बोटं मोडून नायकाची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपीबाई पोस्टात आली. एकटी, तीन मैल चालून. खिडकीशी उभी राहिली आणि वेळ न घालवता म्हणाली, "नायक म्हनते ते खरं हाय का?"

देवसिंगने मागे पाहिलं. पोस्टमास्तर जेवायला गेले होते. "भोजाई, मी सही करून देल्ली हाय. त्याबद्दल मले बोलता येत नाई."

"मी फौजेचं नाई इचारत. माह्या घरच्याचं इचारतो." ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती. "तुमाले दुश्मनाच्या सगळ्या गोष्टी ठाऊक होत्या. आपले कैदी कुठं हायेत, तेही. काल पाह्यलं मी. आधी त्यायले सोडवलं, मंग बॉम टाकला. मंग आपल्या मानसाले कुठं धाडलं तुमी? आठ दिवसांनं मले हे उतराचं हाय." तिने टोपलीला हात लावला. "मेला असन तं मेला सांग, मी उतरवतो. जिता असन तं जिता सांग. पन तूच सांग. पंचायले काय ठाऊक हाय?"

"सिनेमा खोटा असते, भोजाई."

"सिनेमा खोटा असन. तू तं खरा हायेस ना?"

तो म्हणाला, "त्या दिवशी येतो तांड्यावर." ती गेली. आणि देवसिंग यंत्रापुढे बसून राहिला. दारव्ह्याहून कोणीतरी त्याला सारखं बोलावत होतं, पण त्याला ते ऐकू येत नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती.

बेचाळीसमध्ये देवसिंग भरती झाला. सातवी पास, अक्षर चांगलं, म्हणून त्याला दिल्लीजवळच्या एका टेकडीवर धाडलं. तिथे दिवसरात्र कानाला यंत्र लावून जपान्यांच्या तारा उतरवायच्या आणि आकड्यांचे कागद शिकल्यासवरलेल्या साहेबांकडे द्यायचे. घरी लिहायचं ते एवढंच की मी कारकून आहे, बरा आहे.

चव्वेचाळीसच्या सुरुवातीला एक बारीकशी तार रोज संध्याकाळी येऊ लागली. त्यात शेवटी एक आकडा असे. साहेबांनी त्यावर पंधरा दिवस डोकं फोडलं. कोणी म्हणे पावसाचं माप, कोणी म्हणे तोफांचे गोळे. देवसिंग नुसता उतरवून घेणारा, त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण त्याच्या लक्षात आलं की आकडा रोज सारखाच घटतो आहे, आणि पाच दिवस तार आली की सहाव्या दिवशी येतच नाही. सातव्या दिवशी पुन्हा सुरू. त्याने हे कुठे पाहिलं होतं? पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं, आज्याच्या तोंडून, हजारदा. लदेणीत जनावरांचा दाणा जनावरांच्याच पाठीवर असतो, तो रोज तेवढाच कमी होतो. पाच मुक्काम चालायचं, सहाव्या दिवशी सकाळीच पाणी गाठून थांबायचं, पाठीवरचे घाव पाहायचे, खोगिरं शिवायची. ते न करणाऱ्याची जनावरं मरतात.

तो भीतभीत साहेबाकडे गेला. "साब, ही लदेणी आहे," म्हणाला. साहेबाने नकाशा पसरला. एकदा धागा हाती लागल्यावर बाकीचं भराभर उलगडलं. पुढचा सहावा दिवस गुरुवारी येत होता. वाटेत पाणी दोन ठिकाणी होतं, एक उतार संपतो तिथे आणि एक पुढची चढण चढून वर. साहेबाने खालच्यावर बोट ठेवलं. देवसिंगने मान हलवली. तापलेल्या जनावराला उतारावरून आल्या आल्या पाणी दाखवत नाहीत. वर चढतील, सावलीत ओझं उतरवतील, पाठी गार होऊ देतील, मग पाजतील. "वरच्या ओढ्यावर, साब. सकाळी दहा-अकराला. ओझी उतरलेली असतील."

गुरुवारी विमानं गेली. शुक्रवारपासून ती तार कधीच आली नाही. साहेबाने त्याच्या पाठीवर थाप मारली, बिस्किटांचा डबा दिला. देवसिंगला काय आनंद झाला होता! रात्री खाटेवर पडल्या पडल्या त्याला मौज वाटली होती, की हे जपानी लेकाचे अगदी आपल्यासारखी लदेणी करतात.

ही त्याची चूक. आपल्यासारखी करतात, एवढं त्याला दिसलं. त्यांना ती शिकवली कोणी, हे त्याच्या मनातही आलं नाही. आज्याची विद्या वापरून त्याने जे ओळखलं, ते ओळखता आलं कारण समोरही त्याच आज्याच्या मांडीवर शिकलेला माणूस होता.

हे त्याला सेहेचाळीसमध्ये कळलं. फौजेतून सुटताना डेपोत पुसदकडचा एक शिपाई भेटला, एक हात खांद्यापासून गेलेला. बोलता बोलता तो म्हणाला, आमाले जपान्यानं पकडलं आन् खच्चरं हाकाले लावलं. आमच्यात यक बंजारी होता, रामधन. जपानी त्याचं आयकत. त्यानं सांगतलं, पाच दिवस चालाचं, सहाव्या दिवशी थांबाचं, नाई तं जनावरं मरतीन. मंग यक दिवस चढ चढून वर ओढ्यावर थांबलो, ओझं उतरवलं, आन् विमानं आली. "किती वाजता?" देवसिंगने विचारलं होतं. शिपाई म्हणाला, अकरा असतीन, जनावरं पान्यात उतरून राह्यली होती, रामधन त्यायच्या मधात होता, मंग पाहाले काईच उरलं नाई. तू त्याच्या गावाकडचा दिसते, त्याच्या घरी कोनी सांगाले पायजे. तेव्हा देवसिंग म्हणाला होता, "मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं नव्हतं. आधी वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग वाटलं, सुगी होऊ दे. मग रुपीबाई दिसली की पाय आपोआप दुसरीकडे वळू लागले. सहीचा धाक होता हे खरं, पण सही हे निमित्त होतं. कोणत्या तोंडाने सांगायचं? अडुसष्ट लोकांच्या मरणाच्या तारा त्याने या खिडकीतून त्यांच्या घरी पोहोचवल्या, तो आकडा त्याला पाठ होता. ही एक मात्र पोटातच राहिली.

ठरलेल्या दिवशी तो तांड्यावर गेला. नायकाच्या घरासमोर पंच जमत होते, सतरंज्या टाकणं चाललं होतं. रुपीबाई मागे गोठ्यात होती, नवं कोरं लुगडं नेसलेली, कारण टोपली उतरवल्यावर असं लुगडं पुन्हा नेसायला मिळणार नव्हतं. देवसिंग गोठ्यात गेला, गव्हाणीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. दाणा, सहावा दिवस, वरचा ओढा, शिपाई, सगळं. आवाज एकदाही चढला नाही की थांबला नाही. तार वाचून दाखवावी तसं त्याने सांगितलं, कारण त्याला दुसरी रीतच येत नव्हती.

संपल्यावर रुपीबाईने विचारलं, "ओझं उतरवलं होतं?"

"व्हय."

"त्यानं पानी पेलं होतं का?"

"ते मले नाई ठाऊक, भोजाई."

"जनावरायच्या आधी तो कधी पेत नव्हता." ती खाली बसली. मग पुन्हा उठली. "खालच्या पान्यावर बोट ठेवलं होतं ना साहेबानं? मंग तू काहून बोलला?"

पंधरा वर्षं देवसिंग हाच प्रश्न स्वतःला विचारत होता. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण तो तसाच उभा राहिला.

"आन् शेयचाळीसपासून तुले ठाऊक हाय." ती एक पाऊल पुढे आली. "दर दिवाळीले मी त्याच्या नावाचं ताट वाढतो. तू माह्या घरी येऊन त्याच ताटाशेजारी जेवला, देवसिंग! जेवला तू!"

"मार मले, भोजाई. पंचायले सांग. मी कबूल करतो."

"कबूल करतं?" ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "आन् मंग काय? मी टोपली उतरवू? तुह्या हातानं रांड होऊ मी? दुश्मनाच्या गोळीनं मेला असता, रोगानं मेला असता तं झाली असती मी. तुह्या हुशारीनं नाई होत."

ती बाहेर निघाली. तो मागे धावला, पण तिला अडवायचा अधिकार त्याला कुठे होता? ती तशीच बाया बसल्या होत्या तिथून पंचांसमोर गेली. बायकांनी तसं जायचं नसतं, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या.

"मी टोपली उतरवत नाई," रुपीबाई म्हणाली. "देवसिंगनं मले आता सांगतलं. तो फौजेत दुश्मनाच्या तारा वाचत होता. त्याले ठाऊक हाय. माह्या घरचा जिता हाय. ब्रह्मदेशात कुठं अटकला हाय."

एकदम गलका झाला. नेमसिंग उभा राहिला. "काय गा देवसिंग, खरं हाय का हे? रामधन जिता हाय?"

सगळा तांडा त्याच्याकडे बघत होता. रुपीबाईही बघत होती, आणि त्या बघण्यात ना राग होता ना विनवणी. नाही म्हटलं तर आता, इथे, रामधनच्या आईसमोर सगळं उलगडून सांगावं लागणार होतं. आणि जिच्यापाशी ते सांगायचं होतं तिने तर ते ऐकून घेऊन परत केलं होतं. त्याने धनीबाईकडे पाहिलं. म्हातारी आवाजाच्या दिशेने मान उंच करून थांबली होती, तोंड किंचित उघडं.

"व्हय," देवसिंग म्हणाला. "जिता हाय."

मग जे झालं ते सिनेमाला लाजवील असं होतं. कोणीतरी डफडं आणलं. दिवस घालायसाठी शिजवलेलं अन्न आनंदाचं म्हणून वाढलं गेलं. नेमसिंगने देवसिंगला पागोटं बांधलं आणि तो चारचौघांत म्हणाला, "त्या पडद्यावरच्या पोट्ट्याले काय पाहाता? आपल्या तांड्यातच खरा बहाद्दर होता, आन् आपन त्याले कारकून समजत राह्यलो." पागोटं बांधून घेताना देवसिंगची मान खाली होती. लोकांना वाटलं, विनय आहे.

तंबू पुसदला गेला, तिथून आणखी कुठे. होळी होऊन गेली. देवसिंगने बदली मागितली, ती मंजूर झाली नाही. तारयंत्र जाणणारा दुसरा माणूस नव्हता. रुपीबाई त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. पण दर बाजाराच्या दिवशी ती धनीबाईला हाताला धरून पोस्टापर्यंत आणते, ओट्यावर चढवते आणि स्वतः खाली पाठमोरी उभी राहते.

म्हातारी चाचपडत खिडकीशी येते. गजांमधून हात आत घालते, देवसिंगचा हात सापडेपर्यंत टेबलावर फिरवते आणि सापडला की घट्ट धरते.

"आली का गा माह्या लेकाची तार?"

"अजून नाई, याडी." तांड्यात आईला याडीच म्हणतात.

"येईन, येईन." तो हात मागे घ्यायला बघतो ते तिला कळतं. ती त्यावरून आपला सुरकुतलेला हात फिरवते आणि खाली उभ्या असलेल्या सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "तू जीवाले लावून नको घेऊ, बावा. तू इथं बसून हायेस ना, म्हनून तं आमाले रात्री झोप लागते."